पिवळ्या कार्डाचे सहा उंदीर

माझं अख्खं एम.फार्म सहा उंदीर आजारी पडण्यावर अडलं होतं आणि ते मेले आजारी पडत नव्हते.

थांबा, पहिल्यापासून सांगते. मी नेहमी मधूनच सुरू करते आणि नको त्या माणसाला नको ते सांगून बसते, असं आई म्हणते. या प्रकरणात ती शंभर टक्के बरोबर निघाली, ते पुढे येईलच.

माझा विषय भुईआवळा. वीतभर रोप, चिंचेसारखी बारीक पानं, आणि पानांच्या खालच्या अंगाला मोहरीएवढ्या फळांची रांग. शेताच्या बांधावर, गटाराच्या कडेला, आमच्या लोणावळ्यात तर सोसायटीच्या पार्किंगमधल्या फरशीच्या फटीतसुद्धा उगवतो. कावीळ झाली की आपल्याकडे सर्रास देतात. मला बघायचं होतं की याचा अर्क दिला तर लिव्हरचं नुकसान खरंच कमी होतं का. आता घरी 'खरंच' म्हणजे शेजारच्या काकूंना गुण आला. कॉलेजात 'खरंच' म्हणजे तीस पांढरे उंदीर, पाच गट, प्रत्येकी सहा. पहिल्या गटाला काहीच नाही, नुसतं खा आणि झोपा. दुसऱ्याला नुसतं विष. तिसऱ्याला विष आणि सोबत बाजारातलं माहितीतलं औषध. चौथ्या आणि पाचव्याला विष आणि माझा अर्क, एकाला कमी, एकाला जास्त. शेवटी सगळ्यांचं रक्त तपासायचं आणि लिव्हर काढून बघायचं.

यात दुसरा गट सगळ्यात महत्त्वाचा. त्यांचं लिव्हर बिघडलंच पाहिजे. ते बिघडलं नाही तर माझ्या अर्काने बाकीच्यांचं वाचवलं असं कुठल्या तोंडाने म्हणणार? तो गट धड तर माझा प्रयोग बाद, प्रयोग बाद तर थीसिस बाद, आणि थीसिस बाद तर पुढचे सहा महिने परत तीच लोकल, तीच शेअर रिक्षा, आणि नातेवाइकांचं तेच 'अजून संपलं नाही का गं?'

तर कटकट पहिल्या दिवसापासून होती. आमच्या अॅनिमल हाउसमध्ये, म्हणजे जिथे उंदीर ठेवतात तिथे, एक आबा आहेत. पिंजरे साफ करणं, भाताचं तूस बदलणं, खाणं-पाणी, सगळं तेच बघतात. राहायला भाज्याला. थोडी भातशेती आहे, आणि रोज मळवलीहून लोकल धरून तळेगावला, तिथून रिक्षाने वराळ्याकडे कॉलेजात. मी लोणावळ्याहून त्याच लोकलला असते. मी पहिल्याच आठवड्यात त्यांना माझा विषय सांगितला, तर म्हणाले, "त्यात काय, आमच्या बांदावर लय हाय. या की शनवारी."

शनिवारी! मावळात राहून मी ऑगस्टातल्या शनिवारी भाज्याला जायला हो म्हटलं, यातच माझी अक्कल कळते. मळवली स्टेशनपासून भाज्यापर्यंत गाड्यांची रांग, त्या गाड्यांमधून गाणी, धबधब्याकडे निघालेली निम्मी दुनिया. मी आबांच्या बांधावर गुडघाभर चिखलात, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात पोतं. पुण्याच्या चार मुली थांबल्या आणि त्यातली एक मला म्हणाली, "काकू, मक्याचं कणीस कसं दिलं?"

काकू! मी चोवीस वर्षांची आहे!

आबा हसून हसून खाली बसले. मग मात्र त्यांनी नीट शिकवलं. भुईआवळ्यासारखी दिसणारी अजून तीन-चार रोपं असतात, आणि चुकीचं एक जरी पोत्यात गेलं तरी तपासणीवाले नमुना परत पाठवतात. "ह्यो तांबूस देटाचा दिसतोय ना, ह्यो सोडा. ह्यो येगळा. हिरव्या देटाचा घ्या. आन् पान उलटं करून बगा, खाली मनी असत्यात." पहिलं रोप उपटायच्या आधी ते मातीला हात लावून काहीतरी पुटपुटले. मी विचारलं तर म्हणाले, "म्हनलं, कामासाटी नेतोय, राग धरू नगंस." मला ते इतकं आवडलं की मी घरी येऊन तिघी मैत्रिणींना मेसेज केला.

मग वाळवणं. मॅडम, म्हणजे माझ्या गाइड, म्हणाल्या सावलीत वाळव, उन्हात अजिबात नको. मी म्हटलं, "मॅडम, लोणावळ्यात ऑगस्टमध्ये ऊन मी आणू कुठून?" त्यांना वाटलं मी विनोद करतेय. आमच्याकडे त्या महिन्यात टॉवेल चार-चार दिवस वाळत नाही. मिठाचं पाणी होतं. कपाटातल्या पट्ट्याला बुरशी येते. मी हॉलभर वर्तमानपत्रं अंथरली, दोन पंखे लावले, घरभर ओल्या गवताचा वास.

आई दारात उभी. "आम्ही बसायचं कुठे?"

"सोफ्यावर बस ना."

"सोफ्यावरही तुझा पाला आहे."

"तो दुसरा लॉट आहे आई, त्यावर बसू नकोस हं."

आठव्या दिवशी दोन्ही लॉटना बुरशी. सगळं टाकलं. पुन्हा भाजे, पुन्हा चिखल, या वेळी मंगळवारी. पुन्हा पोतं, आणि मग कॉलेजच्या ड्रायरसाठी रांगेत नंबर लावून एकदाचं वाळवलं, दळलं, अल्कोहोलमध्ये दिवसेंदिवस भिजवलं, गाळलं, आटवलं. एवढ्या पोतंभर पाल्यातून निघालं काय, तर एका बाटलीच्या तळाशी काकवीसारखा चिकट, काळपट हिरवा गोळा. मी तो आबांना दाखवला. त्यांनी बाटली उजेडात धरली, वास घेतला.

"येवडं?"

"एवढंच."

"आमी आपलं वाटून ताकात देतो. तेवडा येळ बी लागत न्हाई."

मला राग यायला हवा होता, पण मी खुशीत होते, कारण उंदीर आले होते आणि मंजुरीही आली होती. आणि त्याच खुशीत, दुसऱ्या दिवशी तळेगाव स्टेशनवरून रिक्षात बसल्या बसल्या, मी आबांना सगळा प्रयोग सांगितला. कुणी विचारलं नव्हतं. मीच सांगितला. पाच गट, पाच रंगांची कार्डं पिंजऱ्यांना लावणार, आणि पिवळं कार्ड म्हणजे नुसतं विष, पिवळं कारण कावीळ, किती सोपं ना, असं दोनदा सांगितलं, त्यांनी विसरू नये म्हणून.

"इख म्हंजी काय देनार?" आबांनी विचारलं.

"पॅरासिटामॉल."

"ती तापाची गोळी? ती तर आमी बी खातो."

"आपण एक खातो आबा. यांना त्यांच्या वजनाच्या मानाने बेसुमार द्यायची. मग लिव्हर जातं."

"बरं. आन् त्या पिवळ्यांना औषद कवा?"

"नाही द्यायचं."

"मागनं?"

"मागूनही नाही."

"नुस्तं इखच?"

"नुसतं विषच. तेच तर त्यांचं काम!" आणि मी हसले. मला चांगलं आठवतंय, मी हसले होते. आबा रिक्षाच्या बाहेर बघत बसले. मला वाटलं त्यांना कळलं नाही, म्हणून मी परत पहिल्यापासून समजावलं.

दहा दिवस प्रयोग चालला. रोज सकाळी तीस उंदरांना एकेक करून तोंडातून डोस. पहिल्याच दिवशी एकाने माझा अंगठा फोडला. आबा म्हणाले, "तुमी त्याला भ्याल्यावानी धरता, म्हनून तो बी भितोय." ते मानेमागे दोन बोटं घालून असा काही धरायचे की उंदीर गप्प. मी डोस द्यायचे, ते धरायचे, आणि पिंजऱ्यात परत सोडताना प्रत्येकाच्या पाठीवरून एक बोट फिरवायचे. नववा दिवस संपला, मी सांगून गेले, "आबा, आज संध्याकाळी सगळ्यांचं खाणं काढायचं हं. फक्त पाणी. उद्या सकाळी पोट रिकामं पाहिजे."

"व्हय."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या लोकलने गेले, आधी लॅबमध्ये सगळी मांडामांड केली, रक्त घेतलं, मग लिव्हर काढून फॉर्मलिनमध्ये. ते काम मला आवडत नाही, त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. तीस संपेपर्यंत माझे हात बधिर झाले होते. वहीत जे दिसलं ते नुसतं खरडत गेले.

आणि रिपोर्ट आला. लिव्हरला मार लागला की त्यातली काही एन्झाइम्स रक्तात उतरतात, ती मोजायची असतात. पिवळ्या गटात ती कितीतरी पट वाढलेली दिसायला हवी होती. पिवळा गट होता जवळजवळ नुसतं खा-आणि-झोपा गटाएवढा. ठणठणीत. माझ्या अर्कवाल्यांपेक्षाही काकणभर बरा!

मॅडमनी कागद बघितला, मग माझ्याकडे. "तू पॅरासिटामॉलच दिलंस ना? का पिठीसाखर?"

मग सुरू झालं. पावडरची बाटली तपासली, बरोबर. वजनकाटा तपासला, बरोबर. डोसचा हिशेब मी परत केला, मॅडमनी केला, बरोबर. तपासणीच्या किटची मुदत संपली असेल म्हणून नवं किट मागवलं, ते यायला आठवडा, राखून ठेवलेलं रक्त परत तपासलं, तेच. मशिनवर शंका घेतली तर मशिनवाला मला चिडून म्हणाला, काल तीन जणांचं काम केलंय याच्यावर. लिव्हरच्या काचपट्ट्या मायक्रोस्कोपखाली बघितल्या. पिवळ्या गटाच्या पेशी अशा नीट ओळीत बसलेल्या, जणू शाळेचा ग्रुप फोटो. त्यात दुपारी तासन्‌तास लोणावळ्याकडे लोकल नसते, म्हणजे एकला काम संपलं तरी संध्याकाळपर्यंत तळेगाव स्टेशनच्या बाकावर बसून त्याच आकड्यांकडे बघत राहायचं.

घरी आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे उंदीर बरे निघाले? मग चांगलंच आहे की."

"आई, ते बरे निघायला नको होते!"

"असं काय बोलतेस गं."

एका रविवारी मी वही उघडून पहिल्या पानापासून वाचायला बसले. लिव्हर काढायच्या दिवसाच्या पानावर माझ्याच घाणेरड्या अक्षरात एक ओळ होती. पिवळा गट, दोन नंबर, पोटात हिरवट लगदा. खाली, चार नंबर, तसंच. पाच नंबर, तसंच, बारीक देठ?

रात्रभर उपाशी ठेवलेल्या उंदराच्या पोटात हिरवं कुठून?

 मग मला चर्रकन रिक्षा आठवली.

सोमवारी तळेगाव स्टेशनबाहेर आबा रिक्षात आधीच बसले होते. मधे एक भाजीची पाटी घेतलेल्या मावशी, पुढे ड्रायव्हरशेजारी कंपनीच्या युनिफॉर्ममधला एक जण. मी कॉलेजपर्यंत थांबायला हवं होतं. मी थांबत नाही.

"आबा, पिवळ्या कार्डांना तुम्ही काय घालत होतात?"

आबांनी अजिबात लपवलं नाही. "मूठभर पाला."

"कसला पाला?"

"कसला म्हंजी? भुईआवळा. बांदावरनं रोज येताना आनायचो, पिशवीत."

"रोज?"

"दहाच्या दहा दिस."

"आणि शेवटच्या दिवशी? मी म्हटलं होतं ना उपाशी ठेवा!"

आता त्यांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "जानार व्हती ना ती सगळी. शेवटच्या दिशी उपाशी कसं पाटवायचं. म्हनून पिवळ्यांना सकाळी सकाळी थोडा दिला. बाकीच्यांना न्हाई दिला, तुमी सांगितलं तसं."

"अहो पण का?"

"का म्हंजी? औषद बांदावर फुकट उगवतंय. चार गटांची सोय केली तुमी. ती सहाच कुनाची न्हवती."

भाजीवाल्या मावशी इतका वेळ माझ्याकडे आणि आबांकडे आळीपाळीने बघत होत्या. "मंग काय चुकलं ओ त्यांचं?" त्या मला म्हणाल्या.

"मावशी, माझं वर्ष गेलं!"

"पन उंदीर वाचलं न्हवं?"

"नाही वाचले, ते तर नंतर मारायचेच असतात..."

"अगं बाई." मावशींनी पाटी स्वतःकडे ओढून घेतली, जणू मी आता तिच्यातली भाजीही मारणार होते. पुढचा युनिफॉर्मवाला मान मागे न वळवता म्हणाला, "मॅडम, तुमचं औषध मात्र पॉवरफुल दिसतंय." आणि मला इतकी चीड आली, कारण हे बरोबर होतं, आणि मला ते कुठेही लिहिता येणार नव्हतं.

मॅडमना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता आबांवर तोफ सुटणार. त्यांनी विचारलं, "पिवळं कार्ड म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगितलं?"

मी विषयच बदलला. 

"मॅडम," मी घाईने म्हटलं, "मागच्या बॅचच्या सीनियरने हेच विष वापरलं होतं. तिच्या थीसिसमध्ये नुसत्या विषवाल्या गटाचे आकडे आहेत. एकदम छान बिघडलेले. ते घेतले तर? बाकी गट माझेच आहेत की."

"ते उंदीर तुझे होते का?"

"नाही."

"मग?"

संपलं. मॅडम आबांशी दार लावून बोलल्या. काय ते मला माहीत नाही, पण बाहेर आल्यावर आबांनी टोपी काढून हातात धरली होती. प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीला पत्र लिहायचं ठरलं. मी लिहिलं, 'खाद्यात अनपेक्षित घटक मिसळल्याने.' मॅडमनी ते खोडलं आणि सांगितलं, जे झालं ते लिही. मग लिहिलं, प्रयोगाची माहिती मी कर्मचाऱ्याला दिली आणि त्याने एका गटाला तीच वनस्पती खायला घातली. स्वतःच्या हाताने हे टाइप करायला किती जिवावर येतं म्हणून सांगू. महिन्याने परवानगी मिळाली. सगळे पाचही गट नव्याने, एकदाच, आणि सबमिशनची तारीख तीच राहणार. म्हणजे या वेळी पिवळे सहा आजारी पडले नाहीत तर खेळ खल्लास.

हे आबांना सांगायचं काम माझं. ते पाण्याच्या बाटल्या धूत होते.

"आबा, परत करायचंय."

"किती?"

"तीस."

त्यांच्या हातातली बाटली भरून वाहायला लागली तरी त्यांनी नळ बंद केला नाही. "म्हंजी माज्यामुळं आनकी तीस."

मी 'तुमच्यामुळे नाही' असं म्हणायला हवं होतं. पण मी इतकी वैतागलेली होते, की म्हटलं, "आपल्या दोघांमुळे."

"मला ठावं व्हतं ती मरनार," आबा म्हणाले. "इतकी वर्सं हितं काडली, मला काय ठावं न्हाई व्हय? पन मरायच्या आदी दहा दिस पोटात दुकत बसायचं, ते नगं म्हनून. येवडंच डोस्क्यात व्हतं." मग त्यांनी नळ बंद केला.

जानेवारीत परत सुरू झालं. या वेळी मॅडमनी रंगबिंग काढून टाकले. बाटल्यांवर आणि पिंजऱ्यांच्या कार्डांवर नुसती अक्षरं, अ, ब, क, ड, इ, आणि कुठलं अक्षर म्हणजे काय ती यादी मॅडमच्या कपाटात. मलासुद्धा माहीत नाही. आबांनी विचारलं, "तुमाला बी सांगितलं न्हाई?"

"मला तर मुळीच नाही."

"ते बरं केलं," आबा म्हणाले, आणि मला हसू आलं आणि रागही आला.

पण यादी कपाटात असली म्हणून काय झालं. सहाव्या दिवशी 'ड' लिहिलेल्या दोन पिंजऱ्यांतले उंदीर कोपऱ्यात गोळा होऊन बसायला लागले. केस पिंजारलेले, खाणं तसंच पडलेलं. मला कळलं. आबांनाही कळलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे न बघता काम केलं. आबा अजूनही प्रत्येकाच्या पाठीवरून बोट फिरवायचे, पण 'ड'वाल्यांना सोडताना पटकन झाकण लावायचे. गाडीत, रिक्षात एक शब्द नाही. मी, जिला गप्प बसण्याची सवय नाही, ती तळेगाव ते वराळे मोबाइलमध्ये डोकं घालून. एकदा मीच अति झालं म्हणून विचारलं, "आबा, पाला घालत नाही ना?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की परत विचारायची हिंमत झाली नाही.

शेवटच्या सकाळी मी पहिल्या लोकलने गेले, पण रिक्षा मागची मिळाली. थंडी मरणाची, कॉलेजच्या आवारात धुकं. आबा अॅनिमल हाउसच्या बाहेर पायरीवर बसलेले, मफलर गुंडाळून. दाराला कुलूप.

"आत का नाही बसलात? गारठलात."

त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. मग कोटाच्या खिशात हात घालून मूठ बाहेर काढली आणि उघडली. भुईआवळ्याची दोन कोमेजलेली रोपं.

"बगा. हाय तशी हाय. दिली न्हाई." ते म्हणाले. "हात सवयीनं खाली गेला बांदावर. म्हनून आत गेलो न्हाई."

 मी कुलूप उघडलं.

'ड'चं पहिलं लिव्हर बाहेर काढलं आणि ते बघताक्षणी मला कळलं. रंग उडालेला, पिवळट, फुगलेलं. आणि मी पलीकडे नोंदी घेणाऱ्या मॅडमकडे बघून ओरडले. खरंच ओरडले. "खराब! मॅडम, मस्त खराब झालंय!" इतक्या महिन्यांचा ताण असा एकदम सुटला की मी जागच्या जागी उडी मारली. मग वर बघितलं तर आबा ट्रे धरून समोर उभे होते. त्यांनी ट्रे जरा पुढे केला, एवढंच. मी बाकीची पाच काढली.

रिपोर्ट चोख आला. नुसत्या विषवाल्यांचं सगळं बिघडलेलं, माझ्या अर्कवाल्यांचं बरंच वाचलेलं, जास्त डोसवाल्यांचं जास्त. मॅडम पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या. मी लिहीत सुटले, बायंडिंगला टाकलं, तारखेच्या आदल्या दिवशी सबमिट केलं. पहिल्या प्रयोगाबद्दल थीसिसमध्ये एक परिच्छेद आहे. मॅडमनी घालायला लावला. तो गट ग्राह्य धरला नाही, असं त्यात लिहिलंय.

सबमिशननंतर पिंजऱ्यांची कार्डं परत करायला गेले तेव्हा आबांनी विचारलं, "येक सांगा. त्या पैल्या येळंला माज्या पाल्यानं गुन आला व्हता का न्हाई?"

"आला होता आबा. माझ्या अर्कापेक्षा जरा जास्तच."

त्यांचा चेहरा असा काही उजळला. "मंग तसं लिवलं का?"

"नाही लिहिता येत."

"का?"

"किती दिलात ते माहीत नाही. मूठभर म्हणजे किती? कुणाची मूठ?"

"माजी."

"हो पण किती ग्रॅम!"

"आता मूठ म्हंजी काय काटा हाय व्हय?" आबा वैतागले. मग म्हणाले, "तुमी मोजा की. मी घेतो मूठ, तुमी मोजा."

मला घरी जायची घाई होती, लोकलला वीस मिनिटं होती, आणि ती चुकली तर मग संध्याकाळपर्यंत बाक. मी म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी ते भाजीच्या वाफ्याच्या कडेचा ओला भुईआवळा पिशवी भरून घेऊन आले. बांध तर कधीच सुकला होता. लॅबच्या काट्यावर मी कागद ठेवला. आबांनी पिशवीत हात घातला आणि मूठ भरली. आकडा लिहिला. दुसरी मूठ, आकडा बराच कमी. तिसरी, पहिल्यापेक्षाही जास्त.

"आबा, सारखी भरा ना!"

"तवा काय मी सारखी भरत व्हतो व्हय? घाईत असायचो. तुमी लॅबमदनं डोस घिऊन यायच्या आदी उरकायचं असायचं."

दहा वेळा भरून घेतली, सरासरी काढली, वहीत लिहिली, पुढे भागिले सहा केलं, दर उंदरामागे इतकं, आणि खाली रेघ मारली. आबा चष्मा नसल्यामुळे वही लांब धरून बघत होते.

"ह्यो सहा कशाचा?"

"सहा उंदीर. एक मूठ सहा जणांत."

"न्हाई न्हाई. सहा येका पिंजऱ्यात कुटं व्हती? तीन-तीन व्हती. येका पिंजऱ्याला येक मूठ."

"हे आधी सांगायचं नाही का!"

"तुमी इचारलं न्हाई," आबा म्हणाले. "तुमी निस्तं सांगत असता."

मी ओळ खोडली, तीन लिहिलं आणि परत भागाकार करायला घेतला.